गल्ला एक, धंदे दोन

बेळगावच्या एका उपनगरातून एका भगिनीचं पाच पानी पत्र आलं आहे. वय ३६, यजमान उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. गेल्या वर्षी सोसायटीचं पाच लाखांचं कर्ज काढून त्यांनी चटणी कांडपाची, म्हणजे लोकांची मिरची कांडून द्यायची, गिरणी घातली. पहिल्याच एप्रिलमध्ये सकाळी सहापासून डब्यांची रांग, दिवसाचा गल्ला सहा हजार. त्या भरात मे महिन्यात पाटल्या गहाण ठेवून १ लाख १० हजारांचं दुसरं मशीन आलं. पावसाळ्यात गिरणी थांबली, तेव्हा घरची कांदा-लसूण चटणी पाकिटांतून विकायला सुरुवात झाली. बेळगावात, आणि ओळखीपाळखीनं कोल्हापूर, पुणे, गोव्यालाही. या मे महिन्यात 'भाव वाढणार' म्हणून दिरांकडून दीड लाख घेऊन तीनशे रुपये किलोनं पाच क्विंटल ब्याडगी मिरची भरली. आज त्यातली क्विंटलभर ओल लागून बुरसली आहे, ६२ हजारांची उधारी बाहेर आहे आणि हप्ते थकू लागले आहेत. दीर म्हणतात, मशीनं विका आणि माझे पैसे द्या. सासूबाई म्हणतात, आपल्यात धंदा कुणी केलाय? त्यातच कोल्हापूरचा एक घाऊक दुकानदार महिन्याला तीनशे किलो चटणी मागतो आहे. किलोला ३६० रुपये, पैसे दोन महिन्यांनी. त्या विचारतात: 'बंद करू की आणखी कर्ज काढून वाढवू? आमचं चुकलं कुठं?'

ताई,

'बंद करू की वाढवू' या ओळीखाली तुम्ही दोनदा रेघ मारली आहे. मी मात्र चौथ्या पानावरच्या दुसऱ्याच ओळीपाशी थांबलो. तुम्ही सहज लिहून गेलात, 'गल्ल्यात जे येतं त्यातनंच गिरणीचं, चटणीचं आणि घरचं सगळं भागवतो.' बंद करायचं की वाढवायचं, ते या ओळीचा उलगडा झाल्याशिवाय ठरवता येणार नाही. कारण तुम्ही एक धंदा करत नाही, दोन करता. लोकांची मिरची कांडून देणं ही मजुरी आहे. त्यात माल गिऱ्हाइकाचा, जोखीम गिऱ्हाइकाची, पैसा रोख. चटणी करून विकणं हा व्यापार आहे. तिथं माल तुमचा, भाव पडला तर तोटा तुमचा, पैसा उधार. पहिला धंदा दुसऱ्याला पोसतोय की दुसरा पहिल्याला खातोय, हे एका गल्ल्यात बघून ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

म्हणून तुमच्याच आकड्यांवरून दोन वह्या मांडल्या. पहिली गिरणीची. हप्ता ११,४००, गाळ्याचं भाडं ७,०००, विजेचा स्थिर आकार आणि बारीकसारीक १,६००. म्हणजे कुलूप लावून बसलात तरी महिन्याला २० हजार, वर्षाला २ लाख ४० हजार. पाटल्यांवरचं व्याज मी यात धरलेलं नाही. आता कमाई. हंगाम तुम्ही फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, ११० दिवसांचा सांगता. एप्रिलमध्ये दिवसाला दीडशे किलो झालं, पण पूर्ण हंगामाची सरासरी तुमच्याच पावत्यांवरून ७० किलोची येते. किलोला ४० रुपये कांडप धरलं तर ३ लाख ८ हजार. हंगामातली वीज आणि मदतीच्या बाईची मजुरी मिळून ७० हजार वजा करा. राहिले २ लाख ३८ हजार.

खर्च २ लाख ४०, कमाई २ लाख ३८. हे पाहून वाईट वाटून घेऊ नका, मला तर बरंच वाटलं. पहिल्या दोन वर्षांत कर्जाच्या हप्त्यासकट स्वतःचा भार स्वतः उचलणारी गिरणी म्हणजे बुडीत धंदा नव्हे. तुमच्या कष्टाचा मोबदला त्यातून अजून सुटत नाही, हे खरं. पण कर्ज फिटलं की सुटेल. चूक झाली ती एप्रिलला वर्षाचा महिना समजण्यात. दिवसाला सहा हजार पाहिले आणि मनातल्या मनात त्याला तीसने गुणलं, मग बारानं. दुसरं मशीन त्या गुणाकारातून आलं.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. बँकेत लागण्याआधी, १९९२ साली, मी अनगोळात वह्या-पुस्तकांचं दुकान घातलं होतं. जून महिन्यात मी राजा होतो. आई चहा घेऊन दुकानात यायची, कारण मला उठायला सवड नसायची. जुलैत मी दुप्पट माल मागवला, काचेचं नवं कपाट केलं. ऑगस्टमध्ये दिवसाला चार पेनं आणि एक पट्टी खपायची. पुढच्या मार्चपर्यंत वह्यांच्या कडा पिवळ्या पडल्या आणि ते कपाट अजून आमच्या घरात आहे, त्यात आता औषधं असतात. पुढं बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलो, तेव्हा समोरच्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारायचो, 'तुमचा सगळ्यात वाईट महिना कुठला?' बहुतेकांना फक्त चांगला महिना तोंडपाठ असायचा.

सासूबाईंचा मुद्दा इथंच घेतो. 'आपल्यात धंदा कुणी केलाय' हे वाक्य आपल्याकडं घरोघरी वारशानं येतं, आणि ते खरं नाही. तुमच्या माहेरी रताळी पिकतात असं तुम्ही लिहिलंय. रताळ्याचा पैसा नवरात्रापासून दोन-तीन महिन्यांत घरात येतो आणि त्यावर वर्ष काढायचं असतं. बियाणं, खत, लग्नकार्य, शाळेची फी, सगळं. ते गणित तुमच्या आईला येतं, सासूबाईंनाही येतं. हंगामी पैसा कसा पुरवायचा हे तुम्हाला शिकवायला कुणी बाहेरून यायला नको. फक्त शेतात जे कळतं ते गाळ्याचं शटर उघडलं की आपण विसरतो, कारण गाळ्यात रोज नोटा दिसतात.

त्यावरचा उपाय बेळगावात तुमच्या दारातच येतो, पिग्मीवाला. रोज थोडं थोडं जमा करण्याची ही पद्धत, पुढं सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेनं १९२८ साली सुरू केली, तीही किनारपट्टीच्या लहान कमाईच्या लोकांसाठीच. तुम्ही पुढच्या हंगामात कांडपाच्या गल्ल्यातून रोज दीड हजार पिग्मीत घाला. ११० दिवसांत १ लाख ६५ हजार होतात. उरलेल्या आठ महिन्यांचा भार आहे १ लाख ६० हजार. ज्या दिवशी गल्ला सहा हजार, त्या दिवशी तीन हजार घाला, ज्या दिवशी पंधराशेच, त्या दिवशी पाचशे. फक्त पिग्मी कुठल्या संस्थेत घालता ते बघून घ्या. व्याज एका टक्क्यानं जास्त म्हणून नवख्या सोसायटीत वर्षाची शिदोरी ठेवू नका. आणि ते पैसे दिवाळीच्या खरेदीला मोडायचे नाहीत, हे यजमानांना आणि स्वतःलाही आधी बजावा.

सोसायटीत जाऊन आणखी एक गोष्ट मागा, लेखी मागा. हप्ता बारा महिने सारखा न ठेवता मार्च ते जून मोठा आणि पावसाळ्यात नुसतं व्याज, असं करून मिळेल का? पीककर्ज हंगामावर फिरतं, मग गिरणीचं का नको? मिळेलच असं नाही. पण थकल्यावर मागण्यापेक्षा थकण्याआधी मागणाऱ्याचं ऐकलं जातं, हे मी टेबलाच्या पलीकडं बसून पाहिलं आहे. तुमचे दोन हप्तेच मागं आहेत, म्हणजे उशीर अजून व्हायचा आहे. या आठवड्यात जा.

आता दुसरी वही, चटणीची. इथं मात्र मला काळजी वाटली.

तुम्ही लिहिता, 'किलोला तीनशे खर्च येतो, चारशेला विकतो, शंभर सुटतात.' तीनशेत काय काय धरलंय ते पाहिलं: मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तेल, गरम मसाला. कांडप धरलेलं नाही, कारण 'मशीन घरचंच आहे'. पण तेच मशीन शेजारणीच्या डब्याला ४० रुपये घेतं ना? मग तुमच्या चटणीलाही ते ४० लागलेच. पाकीट आणि लेबल १४. देठं मोडल्यावर आणि भाजताना होणारी घट २०. एसटीचं पार्सल, रिक्षा मिळून सरासरी २२. बेरीज ३९६. चारशेच्या चटणीत चार रुपये राहिले ताई, आणि मिरची भाजताना ठसका लागून डोळ्यांतून पाणी काढलेल्या तुमच्या दिवसाची मजुरी त्या चार रुपयांत बसवायची आहे.

घरातून धंदा करणाऱ्या बायकांची पत्रं या सदराला सारखी येतात. कडक भाकऱ्या, शेंगा चटणी, पापड, शिवण. बहुतेकींच्या हिशोबात दोन गोष्टी फुकट असतात. एक घरची जागा, दुसरे स्वतःचे हात. हात फुकट धरून ठरवलेला भाव वाढवणं पुढं फार जड जातं, कारण गिऱ्हाइकाला तोच खरा भाव वाटतो. तरीही वाढवा. तुमच्या चटणीला पुन्हा मागणी येते म्हणता, तर नव्या पाकिटापासून ४८० करून बघा. दहातली तीन गिऱ्हाइकं गेली तरी उरलेल्या सातांत तुमच्या पदरात पहिल्यांदाच काही पडेल.

कोल्हापूरच्या दुकानदाराचं उत्तर मग आपोआप येतं. तो ३६० देतो. कांडप आणि मजुरी शून्य धरली तरी तुमच्या खिशातून रोख जाणारे ३३४ आणि टेम्पोचे दहा, म्हणजे ३४४. सोळा रुपयांसाठी महिन्याला तीनशे किलो चटणी करणार? शिवाय त्याचा पहिला पैसा हातात पडेपर्यंत सहाशे किलो माल गेलेला असेल, म्हणजे दोन लाखांच्या वर तुमचे अडकलेले. ते दोन लाख आणायचे कुठून, तर कर्जातून. अशा सौद्यात विक्री वाढेल तसा खड्डा खोल होतो.

कदाचित तो भाव वाढवून देईल. तरी दोन गोष्टी माहीत असू द्या, सीमाभागातल्या प्रत्येकच छोट्या उत्पादकानं त्या माहीत करून घ्याव्यात. आपल्याला कोल्हापूर परकं वाटत नाही. हद्दीपलीकडच्या शिनोळीचं दुकान तर अर्ध्या तासावर आहे, तिथं आपली सोयरीक आहे, देव एक आहेत. पण जीएसटीच्या लेखी शिनोळी परराज्य. कर्नाटकातल्या कर्नाटकात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी आधी. ठरावीक टक्का भरायची सोपी कंपोझिशन योजना घेतली तर परराज्यात विकताच येत नाही. आणि नोंदणी झाली की कर बिलाच्या तारखेनं भरायचा असतो. दुकानदार पैसे दोन महिन्यांनी देणार, तुम्ही कर पुढच्याच महिन्यात भरणार. कोल्हापूर-पुणे-गोव्याची पाकिटं सध्या थांबवा आणि एखाद्या लेखापालाला तासाभराची फी देऊन मागचं-पुढचं नीट समजून घ्या. तोपर्यंत बेळगाव, निपाणी, धारवाड, हुबळी एवढा मुलूख पाकिटांना पुष्कळ आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, करून घ्या. सरकारी संकेतस्थळावर आधारवरून फुकट होते, एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्यानं, २००६च्या कायद्याप्रमाणे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार असला तरी ४५ दिवसांच्या वर मुदत चालत नाही. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२४च्या एप्रिलपासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत न दिलेली अशी रक्कम घेणाऱ्याला, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून दाखवता येत नाही. लहान बाई काय करणार, असं समजून दोन महिने मागणाऱ्या दुकानदाराला हे शांतपणे सांगता येतं. कोर्टकचेरीची भाषा नको. 'आमचं उद्यम हाय, पंचेचाळीस दिवसांच्या आत बसवा' एवढं पुरतं. बोलणी तिथंच तुटली, तर तो गिऱ्हाईक पुढं कसा निघाला असता ते कळलंच.

मिरचीचं सांगतो. पाच क्विंटल भरली तेव्हा तुम्ही नकळत तिसरा धंदा सुरू केला, साठेबाजीचा. ब्याडगीचा बाजार म्हणजे मिरचीचं माहेरघर. तिथं २०२४च्या मार्चमध्ये भाव एकदम पडले तेव्हा शेतकरी इतके भडकले की बाजार समितीची कचेरी आणि गाड्या पेटल्या. पिढ्यान्‌पिढ्या मिरची पिकवणाऱ्यांना जो भाव ओळखता आला नाही, तो आपण कुणाच्या सांगण्यावरून ओळखणार? आणि आपल्याकडचा पाऊस! हुबळीपलीकडची कोरडी हवा आणि खानापूरकडून येणारी ही झड यांत फरक आहे. इथं पोत्यात ठेवलेली मिरची श्रावणापर्यंत मऊ पडते आणि रंग सोडते. यापुढं दोन महिन्यांना पुरेल एवढीच घ्या. जास्त घ्यायचीच वेळ आली तर शीतगृहाचं भाडं भावात धरून घ्या.

बुरसलेल्या क्विंटलाबद्दल तुम्ही विचारलंय, 'कडक उन्हात वाळवून, भाजून वापरली तर चालेल का?' नाही. त्या बुरशीतून मिरचीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते वाळवून जात नाही, भाजून जात नाही, रंगावासावरून कळतही नाही, आणि यकृताला घातक असतं. निवडून 'बरी' वाटणारी मिरचीसुद्धा त्या पोत्यातली घेऊ नका. तीस हजारांचा माल फेकताना पोटात खड्डा पडेल, ते मला कळतं. घरी एकटीनं फेकू नका, यजमानांना बरोबर घ्या, आणि कुणाला स्वस्तात विकूही नका. तो घेणारा ती दुसऱ्या कुणाच्या तरी चटणीत घालेल. राहिलेली चार क्विंटल आजच मोकळी करा, हवा लागू द्या, एकेक मूठ मोडून बघा. चांगली असेल ती गणपतीच्या आत वापरात काढा.

दुसरं मशीन विका. पावसात गिऱ्हाईक मिळणार नाही, मिळालं तर पाडून मागेल. जानेवारीत नव्या गिरण्या घालणारे शोधत फिरतात, तेव्हा विका. पाटल्या सोडवा आणि हेस्कॉमकडं, म्हणजे वीज कंपनीकडं, अर्ज करून मंजूर भार कमी करून घ्या. बंद मशीनच्या अश्वशक्तीचाही स्थिर आकार दरमहा पडतो, हे 'केईबीचं बिल' म्हणून आपण न वाचता भरत असतो. तुम्ही लिहिलंय की त्याच मशीनवर भाजणी आणि नाचणीचं पीठ दळावं का. कल्पना वाईट नाही, पण क्रम उलटा आहे. आधी दिवाळीला दुसऱ्या गिरणीतून दळून आणून वीस किलो भाजणी विकून बघा. तिखटाचा वास मशीनमधून सहजी जात नाही आणि भाजणीला ठसका लागला तर नाव चटणीचंही जाईल.

उधारीचं थोडक्यात सांगतो. ६२ हजारांतले बहुतेक पैसे शेजारपाजारचे आणि नात्यातले आहेत. 'अक्का, सोमवारी देतो' म्हणणाऱ्या सगळ्याच बुडवणाऱ्या नसतात. पुष्कळींना आकडाच आठवत नसतो. प्रत्येकीला मोबाइलवर तिची रक्कम आणि एक तारीख पाठवा, गौरी-गणपतीच्या आधीची. निम्मे तरी येतील. कांडपाला मात्र इथून पुढं उधारी नको. कांडलेला डबा तुमच्या हातात असतो तोवर पैसे मागायला लाज वाटत नाही, डबा घरी गेल्यावर वाटते.

गाळ्याचं करारपत्र कन्नडमध्ये होतं म्हणून न वाचता सही केली आणि भाडेवाढीचं कलम वर्षानं कळलं, हे तुम्ही जाताजाता लिहिलंय. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण परत होऊ देऊ नका. तुमची मुलगी नववीत आहे, शाळेत कन्नड शिकते. पुढचा कागद तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि ज्या ओळीवर ती अडेल तिथं वकिलाला विचारा. मराठी बोर्ड उतरवून दुसऱ्यांदा करावा लागला, त्याचे नऊ हजार गेले, तेही याच जातीचं. बोर्डावर साठ टक्के कन्नडचा नियम आता कायद्यात आहे. त्याबद्दल आपल्या मनात काय आहे ते या सदरात नको, पण रंगाऱ्याला पैसे देण्याआधी तो नियम विचारात घ्यावा. मराठी खाली ठसठशीत काढता येते. पाकिटासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी केली नसेल तर तीही याच महिन्यात करा. त्याशिवाय कुठलंही बरं दुकान माल ठेवणार नाही.

राहिले भाऊजी. त्यांचा राग मला समजतो. त्यांना तुम्ही घरचे पैसे म्हणून कागद दिला नाही, व्याज ठरवलं नाही, तारीख सांगितली नाही. मग पाऊस पडला की त्यांना रात्री आठवण होणारच. बँक नोटीस पाठवते, भाऊ जेवताना ताटावर गप्प बसतो, आणि ते जास्त लागतं. मशीन विकून त्यांचे सगळे पैसे एकदम देण्याचा विचार करू नका, त्या पैशांवर पाटल्यांचा हक्क आधी आहे. त्यांच्यासमोर दोन्ही वह्या उघड्या ठेवा, फेकलेल्या क्विंटलासकट. साध्या कागदावर लिहा: दीड लाख, दर महिन्याला नव्हे, दर मार्च, एप्रिल आणि मे महिन्याच्या अखेरीस पंचवीस हजार, म्हणजे दोन हंगामांत पूर्ण. यजमान आणि तुम्ही, दोघांनी सही करा. आणि उधारीतले पहिले दहा हजार आले की ते गल्ल्यात न टाकता त्याच दिवशी भाऊजींच्या हातात द्या, सासूबाई घरात असताना.